जे बोलायचं ते पेशंटसमोर

शरयूमावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकी उघडत, यजमानांशी नंतर बोलत. आणि तेही अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या जानेवारीत! बाहेर गुडघाभर बर्फ, आणि सत्तरी उलटलेली ही बाई आमच्या हॉलची खिडकी सताड उघडून म्हणायची, "कोंडल्या हवेत माणूस बरा कसा होणार?" आमच्याकडे तेव्हा आजारी कुणीच नव्हतं.

"मावशी, हीटिंग चालू आहे हो!"

"मग स्वेटर घाल."

या बाईमुळे मी किती वैतागले, त्याला गणती नाही. त्या आमच्या शेजारी. मिरजेकडे नर्सिंग शिकून इथे आल्या आणि सगळी नोकरी एकाच हॉस्पिटलात करून निवृत्त झाल्या, तेही कागदावरच. माझ्या फ्रीजमधलं परवाचं वरण त्या नुसत्या वासावरून ओळखत आणि मला न विचारता ओतून देत. "आई, शी इज सो बॉसी," माझी मुलगी म्हणायची. मी मुलीला दटावायचे, पण मनातून पटायचं.

त्यांचं मोठेपण मला त्यांच्या एका जुन्या सहकारी बाईंकडून कळलं. पूर्वी त्यांच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना नर्सेस बंद खोलीत बसून एकमेकींना पेशंटची माहिती देत. मावशींनी हट्टाने ती पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यायला सुरुवात केली. पेशंट घाबरतील, वेळ जाईल, असं वरिष्ठ म्हणाले. दोनदा लेखी जाब विचारला गेला. मावशी ढिम्म. एकदा त्या पुढच्या नर्सला सांगत होत्या, "यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही," तेवढ्यात खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात वर केला. "पेनिसिलिनची आहे." कागदावर ते नव्हतं, आणि नेमकं तेच इंजेक्शन द्यायचं होतं. त्यानंतर आधी तो वॉर्ड, मग सगळं हॉस्पिटल मावशींच्या पद्धतीने चालू लागलं. दुसऱ्या गावांतल्या नर्सेस ती बघायला येत.

मी कौतुक करायला गेले, तर माझ्यावरच उखडल्या. "ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर पडलाय, त्याला कान आहेत. एवढं कळायला काय अक्कल लागते?"

मग नागपूरहून बाबा आले, आणि महिन्याभरात त्यांना कावीळ झाली. रिपोर्ट मुलीला सांगा, असं त्यांनीच लिहून दिलं होतं, म्हणून डॉक्टरांनी मला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार पसरलेला. टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, सांगू नकोस यार. खचतील ते." मी बाबांना सांगितलं, सूज आहे.

भावाचा फोन चालू होता तेव्हा मावशी माझ्या स्वयंपाकघरातच होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आजार कुणाचा आहे? जा, त्यांच्यासमोर बोल."

"मावशी, प्लीज!"

"मेधा, त्यांना ठरवू दे."

माझा तोल गेला. "तुम्ही आमच्या घरच्या नाही! प्रत्येक घर म्हणजे तुमचा वॉर्ड नाही!"

मावशींनी कोट घातला आणि त्या निघून गेल्या. आठवडाभर फिरकल्या नाहीत. मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती मला सोसेना.

एका दुपारी बाबांनी विचारलं, "शरयूताई का येत नाहीत? तू फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातेस. त्या निदान माझ्याशी बोलायच्या. मला काय झालंय, विचारलं होतं त्यांना."

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मेधा सांगेल."

मी सांगितलं. बाबांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "तिकीट काढ. मला माझ्या घरी जायचंय."

मी मावशींकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी विचारलं, "विमानात कुठल्या गोळ्या द्यायच्या, लिहून घेतलंस? नाही ना? वाटलंच." त्या आल्या, बाबांशेजारी बसल्या आणि एकेक गोळी त्यांना समजावून सांगितली. मी बॅग वाईट भरते, हेही बाबांसमोरच सुनावलं.

नागपूरला बाबा अडीच महिने जगले. कुणाला भेटायचं, कुणाला नाही, त्यांनीच ठरवलं. एका सकाळी ते गेले. मी मावशींना फोन केला.

"दुखत होतं त्यांना?"

"नाही. शेवटी झोपेतच होते."

"जवळ कोण होतं?"

"मी."

सगळ्या जगाला सूचना देणाऱ्या त्या बाईचा हुंदका फोनवर ऐकू आला. मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.