घाटावरच्या बोटीचा आमदार

माझं नाव मुंगेला. क्वीलू नदीकाठच्या आमच्या गावात मी रेडिओवर निधनवार्ता वाचायचो. आवाज खर्जातला. बायका म्हणायच्या, "मुंगेलानं वाचलं की मेलेला माणूस होता त्यापेक्षा मोठा वाटतो."

प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा पक्षाला घराघरांत माहीत असलेला माणूस हवा होता. बाकीचे उमेदवार सभेत मीठ वाटायचे, लुगडी वाटायचे. माझ्याकडे वाटायला काही नव्हतं, म्हणून मी नुसता बोललो. एक म्हातारी डोळे पुसत पुढं आली. "लेकरा, माझ्या धन्याला तूच पोचवलंस. मत तुलाच." ज्या घरात कुणी गेलं होतं ते घर माझं झालं, आणि कुणीच गेलं नाही असं घर आमच्याकडं नाही. मी दणक्यात निवडून आलो.

"लोकांनी माझे विचार पाहिले," मी घरी म्हणालो.

बायको मासेका चुलीवर कसाव्याच्या पिठाचा फुफू घोटत होती. "कुठले हो? मला तरी दाखवा एखादा."

आमच्या घाटाला फेरीबोट हवी होती. विधानसभेत पहिल्याच भाषणाला उठलो आणि म्हणालो, "अत्यंत खेदानं कळवावं लागतं की..." तेवढ्यात समोरचे दोघे-तिघे टोप्या काढून उभे राहिले. सभापतींनीही मान खाली घातली. शेजारचा सभासद डुलकीतून जागा झाला.

"कोण गेलं हो?"

"आमच्या घाटाची बोट."

"अरेरे! माणसं किती होती?"

"एकही नाही. बोट अजून आलीच नाहीये."

वाहतूकमंत्री मात्र हळव्या मनाचे. त्यांनी मला बाहेर गाठलं. "बोट देतो बाबा. पण माझ्या खात्याचं नाव पुन्हा त्या आवाजात घेऊ नका. रात्री झोप लागत नाही." अशी बोट मिळाली. गावात मी सांगितलं, सरकारला गदागदा हलवून आणली.

उद्घाटनाला नवा सूट घालून मी बोटीच्या टोकावर उभा राहिलो. कोरड्या ऋतूतलं पाणी. बोट थोडी पुढं गेली आणि वाळूत रुतून बसली. मी भाषण थांबवलं नाही. कसाव्याच्या कंदांच्या टोपल्या घेऊन थांबलेल्या बायका शेवटी कंटाळून पाण्यात उतरल्या. पुढं मासेका.

"आधी हे सन्माननीय ओझं खाली उतरवा!" ती ओरडली.

मी उतरलो. एक बूट चिखलात राहिला. बायकांनी खांदा लावला आणि बोट सुटली. टाळ्या मासेकाला पडल्या.

पुढच्या खेपेला पक्षानं तिकीट तिलाच दिलं. मी रुसलो, शेजाऱ्याकडं जेवलो, आणि अपक्ष अर्ज भरला. तिनं एवढंच सुनावलं, "तुम्ही उभे राहिलात की बोट बसते. तुम्ही बसा, म्हणजे चालेल."

मतदानाच्या यंत्रावर आमचे फोटो शेजारी शेजारी आले. मी माझ्या फोटोकडं बराच वेळ पाहिलं. हा माणूस मला चांगलाच माहीत होता. मी तिचा फोटो दाबला.

ती जिंकली. आता अंगणातल्या बाकावर लोक तिची वाट बघत बसतात. परवा एकाला म्हणालो, "थांबा, बाई जेवतायत."

"तुम्ही शिपाई का?"

"मी माजी आमदार."

त्यानं सरकून जागा केली. "मग बसा की. येईल तुमचाही नंबर."