खालांचा हेल लॅपटॉपने गाळला

मंडळी, दुपारपासून मन खट्टू आहे.

बोलीतला हेल आलेखात दाखवणारं माझं जुनं सॉफ्टवेअर खटपट करून नव्या लॅपटॉपवर चालवलं आणि केळशीच्या खतिजाखालांचं बोलणं रेकॉर्ड केलं. उद्या खाला मुलाकडे दुबईला कायमच्या निघाल्यात.

आलेखात प्रत्येक वाक्याचा शेवट गायब! सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्यावर कळलं, नवा लॅपटॉप आपणहून आवाज ‘स्वच्छ’ करतो. मागच्या समुद्राच्या लाटांबरोबर त्याने खालांचे वाक्याअखेर लांबवलेले शब्दही गोंगाट समजून गाळले होते.

खालांना ऐकवलं. “ही मी नाय. ही कोण पुण्याची बाय?”

काय झालं ते सांगितलं, ती सेटिंग बंद केली आणि म्हटलं, “खाला, आता बोला.”

खाला जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागल्या. “मशिनीला आमचा हेल चालत नाय ना!”

सेटिंग बंद करता आली. खालांना काय सांगू?