परसातली नर पपई

आमच्या शुक्रवारच्या भजनी मंडळात गोष्टी डब्यांसारख्या फिरतात. डबा जसा रिकामा परत जात नाही, तशी ऐकलेली गोष्टही कुणी तशीच परत देत नाही. वर काहीतरी घालूनच देते. गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त फिरल्या त्या माझ्या परसातल्या पपईच्या!

*

जुनी पपई वाऱ्यानं पडली, म्हणून नवी लावायची होती. आमच्या पेटीवाल्या शांताक्कांचं मत, ठेंगणी तैवान लावा, हात वर केला की फळ. सुमनवहिनी म्हणाल्या, गोडी गावठीलाच. दोघींच्या वादात अभंगाचं एक कडवं राहूनच गेलं. शेवटी मी देवीला कौल लावला. उजवं फूल पडलं. गावठी!

*

गावठीत नर की मादी हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावतात आणि नंतर नर काढून टाकतात.

रोपांना कळ्या धरल्या आणि त्याच आठवड्यात सुनेनं, रेश्मानं, गोड बातमी दिली. दोनदा अशी बातमी येऊन तिसऱ्या महिन्यात घर गप्प झालं होतं. आणि आता दारामागं पपई! पोटुशीनं जिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये म्हणतात, तीच.

*

तिन्ही उपटते म्हटल्यावर शांताक्कांनी पेटीचा भाता दाबूनच धरला.

"सून पोटुशी असताना भरलेला खड्डा मोकळा करताय? हाय का काय अक्कल!"

झालं. ठेवायची भीती, काढायचीही भीती.

मग मी रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. लांब देठांवर फुलांचे घोस लोंबतात तो नर, असं दाखवून त्यानं त्याच्यावरच विळा उगारला. मी म्हटलं, तो राहू दे, बाकीच्या दोन काढ.

"वहिनी, ह्यो फळ देणार न्हाय."

"म्हणूनच राहू दे."

जाताना त्यानं आमच्या ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं बरं हाय न्हवं?

*

सोमवार धरला, मंगळवार धरला, संकष्टी तर होतीच. हे म्हणाले, आता मी कोणत्या वारी जेवायचं तेवढं सांग!

तिसरा महिना सरला, पाचवा सरला, तरी धीर येईना. बाळासाठी आधी काही शिवू नये म्हणतात, म्हणून मी सुईला हात लावला नाही. रेश्मा एकदा हळूच म्हणाली, शेजारी त्यांच्या बाळाला डोक्यावरून बांधायच्या कुंच्या शिवून झाल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवून भांडी घासत राहिले.

*

आठव्या महिन्यात नराला फळ लागलं.

लांब देठाला एकच पपई, दाराकडं तोंड करून लोंबत होती. माळ्याला फोन केला. तो म्हणाला, गावठी नराला कधीमधी लागतंय की. तोडायचं धाडस होईना, रेश्माच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं. दुपारी ती झोपल्यावर मी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घेतला, मागं चुण्या घातल्या, दोन बंद लावले आणि स्टुलावर चढून पपईला घालून खाली गाठ मारली.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेले, तर रेश्मा त्या झाडाखाली उभी! एक हात पोटावर, मान वर. माझ्या हातातली काडीपेटी खाली पडली. तिला आत न्यायला मी धावले.

ती वळली नाही. वर बघतच म्हणाली,

"आई, पपईला कुंची घातलीसा. आता माझ्या बाळालाबी एक शिवा की."