वळणाचा बुश आणि खड्ड्याचा बुश

पेठच्या शाळेत मी शिकवायला होते तेव्हा नाशिकहून रोज जाऊन-येऊन करायचे. एस.टी. होती, शाळेतल्या बहुतेकांची जीपही ठरलेली होती. मी मात्र एक जुनी, बुटकी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. का घेतली, याला आवडली एवढंच उत्तर आहे. सीट दोनच. दुसऱ्या सीटवर आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई बसायच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, पण वेगाला न घाबरणाऱ्या.

एकदा सावळघाटात वळण घेताना पुढून खट्‌खट् ऐकू यायला लागलं. नाशकातल्या मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि पहार लावून चाक हलवून दाखवलं.

"बुश गेलेत, मॅडम."

बुश म्हणजे चाकाला धरणारा लोखंडी आर्म गाडीला जिथं जोडतात, तिथली रबरी बांगडी. माझ्या गाडीचे कंपनीचे बुश कुठंच मिळेनात. मेकॅनिक म्हणाला, "पीयूचे टाका, पॉलियुरेथेनचे. रबरापेक्षा कडक असतात. रेसवाले तेच टाकतात."

रेसवाले म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही.

घाटात मजा आली. स्टीअरिंगला बोट लावायची खोटी, गाडी वळायची. पण घाटाच्या अलीकडच्या खड्ड्यांत प्रत्येक दणका थेट मणक्यात. तिसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंनी शाळेत डबा उघडला, तर वरण, भात आणि गवारीची भाजी एकजीव झालेली.

"चव चांगली आहे," त्या घास घेत म्हणाल्या, "पण उद्यापासून मी एस.टी.नं येते."

घरी येऊन हे बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. मग एकदम गंभीर झाले. "जुने बुश कुठंयत?"

बाबा सातपूरच्या एका रबर कारखान्यात तीस वर्षं बुश, रिंगा साच्यात दाबून काढणाऱ्या प्रेसवर होते. निवृत्त झाल्यापासून सकाळी विहारात पेपर वाचायचा आणि दुपारी कॉलनीतल्यांच्या कुकरच्या रिंगा तपासायच्या, एवढंच काम त्यांना उरलं होतं. मी डिकीतून जुने बुश काढून दिले. त्यांनी अंगठ्यानं दाबले, नखानं ओरखडले, वास घेतला.

"एका बाजूला दोन हायेत ना? पुढचा आणि मागचा?"

"हो."

"मग दोघांना एकच रबर कशाला? पुढचा गाडीला वळणात धरून ठेवतो, तो जरा कडक पाहिजे. मागचा खड्ड्याचा दणका गिळतो, तो नरम. त्या मेकॅनिकनं दोन्ही दगड बसवलेत तुला."

दुसऱ्याच दिवशी ते सायकल काढून जुन्या कारखान्यात गेले. तिथला आताचा फोरमन पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं उठून जयभीम घातला आणि चहा मागवला. मापाला जवळचा एक जुना साचा पडून होता. बाबांनी वेगवेगळ्या कडकपणाचे बुश काढले आणि ओळखू यावेत म्हणून त्यांवर रंगाचे ठिपके दिले.

पहिल्यांदा पुढं कडक, लाल ठिपक्याचे आणि मागं सगळ्यात नरम, पिवळ्या ठिपक्याचे बसवले. गाडी पाळण्यासारखी डुलायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "बघा, कडकच टाका म्हटलं नव्हतं मी?" बाबा म्हणाले, "थांब की." पुढं लाल तसेच ठेवून मागं मधल्या कडकपणाचे हिरवे घातले.

त्या रविवारी मी बाबांना शेजारी बसवून पेठकडे निघाले. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. आधी दोनदा म्हटलं होतं, तर "त्यात बसायचं का निजायचं?" म्हणून टाळलेलं. खड्डे आले. दणका कळत होता, पण लागत नव्हता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. घाटातलं पहिलं मोठं वळण मी जपून घेतलं.

"एवढ्या हळू कशाला?" ते म्हणाले.

दुसरं वळण मनासारखं घेतलं. गाडी जराही न कलता वळली. बाबांनी दाराची मूठ धरली होती, ती सोडली.

"मागं फिरव. पुन्हा घे ते."

मी जागा बघून गाडी फिरवली. ते वळण आम्ही तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा बाबा मोठ्यानं हसले, आणि मग म्हणाले, "तीस वर्षांत किती हजार बुश काढले असतील पोरी, पण ते गाडीत काय करतात हे अंगाला आज कळलं."

मी गाडी पुढं पेठकडे काढली.

पेठला पोचल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी टपरीवाल्याला बाहेर बोलावलं, वाकून गाडीखाली बघायला लावलं आणि सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा गुडघ्यावर बसून मान डोलवत होता. "लय भारी," म्हणाला, "पण दिसत तर काहीच नाय."

"चांगला बुश दिसत नसतोच," बाबा म्हणाले आणि अजून एक चहा मागवला.

सोमवारी गणिताच्या बाईंना फार आग्रह करून गाडीत बसवलं. घाट सुरू व्हायच्या आत त्यांना झोप लागली होती.