अर्धा इंच सैल

महिन्यातून एकदा सांगलीच्या लॅबमध्ये माधवनगरचे एक टेलर भेटतात. आम्हा दोघांनाही बायपोलर. आजारानं इतर औषधांना दाद दिली नाही, म्हणून आता जी गोळी चालू आहे तिच्यासाठी पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. टेलर पूर्वी फार खूश झाले की ती आजाराची चाहूल असायची, म्हणून आमच्याकडे ऊठसूट वापरतात तो 'लय' शब्द ते तोंडातून काढत नाहीत. कसं काय विचारलं की म्हणतात, "बेतानं बरं हाय."

परवा दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. टेलर हसायला लागले, मधेच थबकले आणि गळ्यातली टेप हसऱ्या ओठांना लावून म्हणाले, "आवं, बघा जरा. अडीच इंच. जास्ती हाय का?"

"बेतात आहे," मी म्हणालो.

"मग अर्धा इंच सैल सोडतो."

आम्ही दोघं हसलो. लय हसलो.