म्हशीला मिळालेला क्लेम

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी आधी रडले. रडून झाल्यावर मला राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. त्या वर्षी त्यानंच मला उभं धरलं, खोटं कशाला बोलू.

कलबुर्गीच्या डॉक्टरबाईंनी केमोचं सगळं समजावून सांगितलं, मग पेन खाली ठेवून विचारलं, "लग्न झालंय?" नव्हतं झालं. "मग नीट ऐक. केमोनंतर मूल होणं अवघड होऊ शकतं. स्त्रीबीजं आधी काढून गोठवून ठेवता येतात. पण आधीच. नंतर उपयोग नाही, आणि केमो मला फार लांबवता येणार नाही."

मला मूल हवं होतं. लग्नाआधी असं मोठ्यानं म्हणायची आमच्यात रीत नाही, पण हवं होतं, कळायला लागल्यापासून.

आमचं घर मंठाळकडचं. आजोबा मेंढरं राखायचे, अप्पा शेती आणि म्हशी बघतात, मी हुमनाबादच्या औषध कारखान्यात टेस्टिंगला. हे घरी कसं सांगावं याची मी बसमध्ये रस्ताभर तालीम केली. अप्पांनी निम्मंच ऐकलं आणि मध्येच म्हणाले, "म्हंजे जनावरांच्या दवाखान्यात ती धूर निघती टाकी असती, तसल्यात ठेवत्यात व्हय?" तसल्यातच. "मग ठेव की माय. कामून थांबलीस?"

थांबले होते विम्यासाठी. कारखान्याची पॉलिसी होती, केमोला मंजुरीही आली होती. बीजं गोठवायला मात्र साफ नकार. का, तर वंध्यत्वावरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. अरे बाबांनो, मला कुठाय वंध्यत्व? ज्या औषधाचे पैसे तुम्ही द्यायलाव, त्यानंच तर ते येणार!

अप्पांना घेऊन कलबुर्गीचं विमा ऑफिस गाठलं. तिथले साहेब हुलसूरकडचे, बोलायला गोड. कागद बघून आवाज बारीक करत म्हणाले, "म्याडम, तुमचं लगीन बी झालेलं न्हाई. आत्ताच हे कशाला? आधी जीव वाचवा."

"जीव वाचणार हाय म्हणूनच आले," मी म्हणाले. "मरणार असते तर कशाला आले असते?"

अप्पा खाली बघत होते. लेकीच्या असल्या गोष्टी परक्या माणसासमोर! त्यांचे कान लाल झाले होते. ते आता उठून जातात असं मला वाटलं, आणि तेवढ्यात आमची म्हैस आठवली.

"साहेब, आमच्या म्हशीचा विमा तुमच्याकडंच हाय. कानात तुमचाच बिल्ला. आजारानं तिचं गाभण राहणं कायमचं बंद झालं, तर तुम्ही क्लेम दिलाव. जास्तीचा हप्ता घेतला होता, पण दिलाव."

साहेब हसले. "म्याडम, म्हैस आणि तुम्ही सारखं हाय का?"

"न्हाई ना! म्हशीला मिळालं."

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. अप्पांनी मान वर केली. "तसला जास्तीचा हप्ता हिच्यासाठी बी घ्या की साहेब. कुठं भरायचा तेवढं सांगा." त्यांना खरंच वाटत होतं की असा हप्ता असणार. माणसाच्या पॉलिसीत तो नव्हताच. मला तिथं जे भरून आलं, तेवढं गाठ कळल्यावरही आलं नव्हतं.

साहेबांनी अर्ज वर पाठवला. वरून काही येईना. डॉक्टरबाईंचा फोन आला, आता थांबू नको. त्या संध्याकाळी अव्वानं, माझ्या आईनं, माझ्या लग्नाचं सोनं आणून समोर ठेवलं. मी नको म्हणाले तर चिडली. "लगीन कशासाठी करत्यात? लेकरासाठीच की! तू उलटीकडून सुरू कर."

हैदराबादला गेले. पोटात सुया टोचून घेतल्या. बीजं निघाली, गोठवली, जपून ठेवलीत. मग केमो. केस गेले, जिभेची चव गेली, राग होता तसाच.

केमो संपल्यावर नकाराचं पत्र आलं. डोक्याला ओढणी गुंडाळली, हुमनाबादहून बस धरली आणि त्याच टेबलासमोर जाऊन बसले.

"आता कामून आलाव म्याडम? तुमचं तर झालं ना?"

"माझं झालं. माझ्या मागनं एखादी येईल, तिच्या आईकडं सोनं नसंल. तुमच्या वरच्यांच्या वर कोण बसतंय तेवढं सांगा. तिथं लिहिते."

साहेब माझ्या ओढणीकडं बघत राहिले. या वेळी लग्नाचं काही विचारलं नाही. खुर्ची पुढं ओढली, कोरा कागद माझ्याकडं सरकवला आणि कुणाच्या नावे लिहायचं ते सांगितलं. मी लिहीत असताना हळूच म्हणाले, "त्या म्हशीच्या पॉलिसीची झेरॉक्स हाय का? जोडू की."

होती. त्या दिवसापासून पर्समध्येच घेऊन फिरत होते.