बिघाडाचं कारण

डोमाभाऊ मांढरे यांच्यासोबत मी अकरा वर्षं सर्व्हिसची जीप चालवली, आणि त्यातली निदान दोन वर्षं तरी नुसती वाट पाहण्यात गेली असतील. चंद्रपूरच्या आमच्या वर्कशॉपमधले बाकीचे मिस्त्री साइटवर पोचले की पाच मिनिटांत पाने-पकडी काढायचे. डोमाभाऊ आधी मशीनला एक चक्कर मारायचे, मग चहा मागायचे, मग तिथल्या माणसांशी गप्पा हाणत बसायचे. यंदा धान कसं आहे, कोणाची मुलगी कुठं दिली. मी जीपमध्ये बसून दातओठ खायचो. मशीन बंद पडलंय आणि हा माणूस सोयरिकी जुळवतोय.

डोमाभाऊ पोंभुर्ण्याकडच्या ढिवराच्या घरातले. वडील तलावात जाळं टाकायचे, आई चंदाबाई टोपलीत मासे घेऊन गावोगाव विकायची. डोमाभाऊंनी आयटीआय केलं आणि वायरमन म्हणून वर्कशॉपला लागले. तेव्हा मशीनमध्ये वायर म्हणजे बॅटरी, स्टार्टर आणि दिवे एवढंच असायचं. दोन हजार सालानंतर नव्या पोकलेन आल्या, त्यांत कॉम्प्युटर होते. इंजिनाचा एक, पंपाचा एक. दोघांनी दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलायचं, म्हणजे हातातला दांडा ओढला की तिकडे बूम, म्हणजे मशीनचा पुढचा लांब हात, उचलणार. जुने मिस्त्री याला धास्तावले. दोघांनी तर चक्क दुसरी नोकरी पाहिली. डोमाभाऊ नागपूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "सुरेंद्र, काई कठीन नाई. घरात दोघं बोलून नाई राह्यले, त दोघाईपैकी कोन बिघडला ते नंतर पाहाचं. आधी मधात काय झालं ते पाहाचं."

त्यांचा आकडा साठ. बॅटरी काढायची, त्या दोन वायरींवर मीटर लावायचं. साठ ओहम दाखवले तर वाट ठीक. एकशेवीस म्हणजे एक वायर कुठंतरी तुटली, शून्य म्हणजे दोघी एकमेकींना चिकटल्या. शून्य किंवा एकशेवीस आलं की डोमाभाऊ वायरींचा जुडगा हातात घ्यायचे आणि डोळे मिटून बोटांतून सरकवत जायचे. जाळं कुठं फाटलंय ते ढिवर असंच शोधतो. मी एकदा म्हटलं, डोळे उघडून पाहिलं तर लवकर सापडेल. ते म्हणाले, "डोळे घाई करतेत." हा टोमणा मला होता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

दोन हजार चार सालची गोष्ट सांगतो. आलापल्लीच्या पुढे जंगलात रस्त्याचं काम होतं. पावसाळाभर काम बंद, पोकलेन गावाच्या कडेला उभी. दिवाळीनंतर काम सुरू केलं तर इंजिन मस्त चालायचं, पण बूम अर्ध्यावर उचलला की पडद्यावर संपर्क तुटल्याचा कोड यायचा आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. बंद करून पुन्हा चालू केलं की थोडा वेळ ठीक, मग तेच.

साइटच्या तरुण साहेबांनी गुन्हेगार आधीच ठरवून ठेवला होता. पोचू मडावी, मशीनचा ऑपरेटर. त्या गावातून मशीन शिकलेला हा पहिलाच माणूस, आणि पावसाळ्यात राखणही त्यानेच केलेली. साहेबांचं म्हणणं, यानं तांब्यासाठी वायरी कापल्या आणि मग घाबरून कशाबशा जोडल्या. "तुम्ही एवढंच लिहून द्या, वायर कापली आहे," साहेब म्हणाले, "आजच त्याला घरी पाठवतो." एकदा चोर म्हणून काढलं की त्या भागातला कुठलाच ठेकेदार पोचूला उभं करणार नव्हता, आणि त्याच्या गावातल्या दुसऱ्या कोणालाही नाही. पोचू मशीनजवळ मान खाली घालून उभा होता. त्याची बायको सुकरी खडीच्या ढिगापाशी टोपलं खाली ठेवून आमच्याकडे पाहत होती. उगाच खोटं कशाला बोलू, मलाही साहेबांचं पटलं होतं.

डोमाभाऊंनी चक्कर मारली. चहा मागितला. मग पोचूला म्हणाले, "मशीन चांगलं ठेवलं गा. चार महिने पान्यात उभं होतं ना?"

"वरून ताडपत्री होती जी. ग्रीसच्या तोंडाईले पन्नी बांधली होती."

खरंच, ग्रीस भरायच्या प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची पन्नी सुतळीनं बांधल्याच्या खुणा होत्या. मी मात्र घड्याळ पाहत होतो.

शेवटी बॅटरी निघाली, मीटर लागलं. मला केबिनमध्ये बसवून आकडा वाचायला सांगितला आणि डोमाभाऊ खाली शिरले. "साठ," मी म्हणत गेलो. "साठ. साठ. साठ." बूम जिथं धडाला मिळतो त्या जागी ते पोचले आणि आकडा एकदम शून्य झाला. त्यांनी हात सोडला, पुन्हा साठ. जुडगा हलवला, शून्य.

ते बाहेर आले तेव्हा बोटं पिवळी झाली होती. त्यांनी ती नाकाशी नेली.

"कापली आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"कुरतडली हाये. उंदराचे दात हायेत."

"एवढ्या मोठ्या मशीनमध्ये उंदराला तेवढीच जागा सापडली?"

प्रश्न रास्त होता. बाकीचा जुडगा शाबूत, कुरतडलेली जागा चार बोटांची. डोमाभाऊ तिथंच थांबले असते तरी चाललं असतं, पण अर्धं कारण त्यांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. त्यांनी पोचूपुढे बोट धरलं. "हे तूप होय का गा?"

"हो जी," पोचू म्हणाला. "खांदशेकणीचं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. कढत तुपात हळद घालायची आणि पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायची, वर्षभराच्या जुवाचा शीण जावा म्हणून. गावातल्या सगळ्या बैलांचं झालं, आणि पोचूच्या मनात आलं की ही पोकलेन तेवढी राहिली. बूम धडाला मिळतो तोच तिचा खांदा, असं त्यानं ठरवलं. सुकरीनं वाटीभर तूप वेगळं काढून दिलं होतं. ते चोळताना खाली वायरींवर ओघळलं, आणि त्याच्या वासानं उंदीर आला.

"सगळ्याईत जास्त काम हेच करते जी," पोचू म्हणाला. "त्याले काऊन सोडाचं?"

"म्हणजे केलं यानंच," साहेब म्हणाले.

पोचूला आता कुठे उलगडा झाला. "हो जी. चूक माहीच हाये," तो म्हणाला. "तसंच लिवा." मला माझीच लाज वाटली. याला मी मघापासून मनात चोर म्हणत होतो.

डोमाभाऊंनी खराब तुकडा काढला, नवा जोडला, दोन्ही वायरींना पहिल्यासारखा पीळ दिला, कथलानं झाळलं, वर नळी चढवली. जुडगा कितीही हलवला तरी मीटर साठावरून हलेना. मग ते जीपच्या बॉनेटवर वही ठेवून रिपोर्ट लिहायला बसले. त्यात एक रकाना असतो, बिघाडाचं कारण. एरवी त्यात ते दोन शब्द लिहीत. त्या दिवशी रकाना भरून ओळी समासात गेल्या.

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असं लिहितात का रिपोर्टमध्ये?"

"कारन विचारलं हाये साहेब, त कारनच लिवलं."

"शेवटचं वाक्य कारण नाही."

"तो सल्ला होय. सल्ल्याचा रकाना नोयता."

साहेब मशीनपाशी गेले. बूमच्या टोकाला माती उपसायची बादली असते, तिच्या खिळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुठंच गंज नव्हता. परत येऊन त्यांनी सही केली आणि पोचूला एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी नुसती हळद लाव, तीही बादलीला."

पोचूला वाचता येत नव्हतं. साहेब गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि कागदावर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं: "उंदरानं वायर कुरतडली. ऑपरेटरनं मशीनची बैलासारखी सेवा केली, त्यातलं तूप वायरीवर ओघळलं. चोरी नाही. असा ऑपरेटर बदलू नये."

"मधातलं पुन्हा वाचा जी," तो म्हणाला.

"चोरी नाही," मी वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं, खडीच्या ढिगापर्यंत ऐकू जाईल असं.